नागरी सांडपाण्यातील सेंद्रिय सूक्ष्मप्रदूषके व त्यांच्या निष्कासनाच्या पद्धती : नांदेड आणि लातूर या शहरांच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयाचे स्वरूप

शहराने वापरलेले पाणी नदीस किंवा शेतास देण्यापूर्वी शुद्ध केले पाहिजे, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. तथापि ‘शुद्ध’ या विशेषणाने नेमके काय अभिप्रेत आहे, याचा उलगडा सहसा केला जात नाही. व्यवहारात या शब्दाचा अर्थ मोजमापाने ठरतो. जे मोजले जाते त्याच्यापुरते पाणी शुद्ध किंवा अशुद्ध ठरते. जे मोजलेच जात नाही त्याच्याविषयी प्रश्नच उद्भवत नाही. केंद्र शासनाने १३ ऑक्टोबर २०१७ रोजी काढलेल्या अधिसूचनेत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी चार परिमाणे घालून दिली : पाण्याची आम्लता किंवा अल्कता, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, तरंगणारे घन पदार्थ आणि विष्ठाजन्य जंतूंची संख्या. महानगरे वगळता इतर शहरांसाठी प्राणवायूच्या मागणीची मर्यादा प्रतिलिटर ३० मिलिग्रॅम ठरविण्यात आली. ही चारही परिमाणे महत्त्वाची आहेत, यात संशय नाही. कॉलरा, विषमज्वर, कावीळ इत्यादी जलजन्य रोगांचा प्रसार रोखावयाचा, तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करून भागणार नाही.

परंतु या चौकटीत न बसणारा पदार्थांचा एक मोठा वर्ग सांडपाण्यात असतो. वेदनाशामके, प्रतिजैविके, मधुमेह, रक्तदाब व अपस्मार यांवरील औषधे, संप्रेरके, साबणांतील जंतुनाशके, सौंदर्यप्रसाधनांतील रसायने, कीटकनाशके ही त्याची ठळक उदाहरणे होत. यांनाच सेंद्रिय सूक्ष्मप्रदूषके असे म्हणतात. येथे ‘सेंद्रिय’ हा शब्द रसायनशास्त्रीय अर्थाने, म्हणजे ‘कार्बनयुक्त संयुगांचा’ या अर्थाने घ्यावयाचा आहे. ‘सेंद्रिय शेती’ या प्रयोगामुळे त्याला जी हितकारकतेची छटा अलीकडे प्राप्त झाली आहे, तिचा येथे काही संबंध नाही. ‘सूक्ष्म’ हे विशेषणही कणांच्या आकाराचे निदर्शक नसून पाण्यातील प्रमाणाचे निदर्शक आहे. ही द्रव्ये पाण्यात पूर्णपणे विरघळलेली असतात आणि त्यांचे प्रमाण लिटरमागे काही नॅनोग्रॅमपासून काही मायक्रोग्रॅमपर्यंत असते.

या द्रव्यांच्या निष्कासनाच्या ज्या निरनिराळ्या पद्धती प्रचारात आहेत, त्यांचे कार्य कसे चालते आणि मराठवाड्यातील नांदेड व लातूर या दोन शहरांच्या परिस्थितीत त्यांपैकी कोणती कितपत उपयुक्त ठरेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

२. प्रमाण आणि परिणाम

मायक्रोग्रॅम या परिमाणाची कल्पना येण्यासाठी लातूरकरांच्या स्मरणातील एक उदाहरण घेता येईल. मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरास पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. एवढ्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम औषध असलेली एकच गोळी विरघळविली, तर प्रत्येक लिटरमध्ये त्या औषधाचा १ मायक्रोग्रॅम येईल. ३० मिलिग्रॅम या मर्यादेशी तुलना करता हे प्रमाण तीस हजारावा भाग होय. यास्तव नेहमीच्या कसोट्यांना ते जाणवूही शकत नाही. पाणी नितळ, निर्गंध आणि नियमांच्या मर्यादेत असूनही ही द्रव्ये त्यात असू शकतात.

इतक्या अल्प प्रमाणाची चिंता करण्याचे कारण काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर असे की, औषध हे मुळातच अल्प मात्रेत सजीवाच्या शरीरावर परिणाम घडविण्यासाठी तयार केलेले असते. आणि एका प्राण्यास सोसणारे द्रव्य दुसऱ्यास सोसेलच असे नाही. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मनुष्यास व गुराढोरांस उपकारक. परंतु ते दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन भारतीय उपखंडातील गिधाडे मोठ्या संख्येने मेली. त्यामुळेच २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घालणे भाग पडले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २००१ ते २००३ या काळात एका प्रायोगिक तलावात संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम स्त्रीसंप्रेरक लिटरमागे केवळ ५ ते ६ नॅनोग्रॅम या प्रमाणात राखण्यात आले. नर माशांच्या शरीरात मादीमध्ये आढळणारे अंड्याचे प्रथिन तयार होऊ लागले आणि अल्पायुषी अशा एका लहान माशाची वस्ती त्या तलावातून जवळजवळ नाहीशी झाली.

प्रतिजैविकांचा धोका आणखी निराळा आहे. त्यांच्या अल्प मात्रेच्या सहवासात वाढणाऱ्या जंतूंपैकी जे प्रतिकारक्षम असतात त्यांनाच टिकून राहण्यास वाव मिळतो. आणि उद्या रुग्णास तेच औषध लागू न पडण्याची भीती निर्माण होते. या संदर्भात मांजरेच्याच खोऱ्यातील एक उदाहरण जगभर प्रसिद्ध झाले आहे. हैदराबादजवळील पटनचेरू येथे औषधी कारखान्यांचे सांडपाणी ज्या सामाईक प्रक्रिया केंद्रात येत असे, तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. हे पाणी ओढ्यांवाटे पुढे मांजरेस मिळते. अर्थात हे कारखान्यांचे पाणी होते, नागरी सांडपाणी नव्हे, आणि नागरी सांडपाण्यातील प्रमाण याच्या हजारांश भागाहूनही कमी असते. परंतु प्रक्रिया केंद्र अस्तित्वात असणे आणि द्रव्य नाहीसे होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या उदाहरणाने स्पष्ट झाले.

३. ‘निष्कासन’ या शब्दाचे तीन अर्थ

निरनिराळ्या पद्धतींची तुलना करताना ‘इतके टक्के निष्कासन’ अशी भाषा वापरली जाते. निष्कासन म्हणजे बाहेर घालविणे. परंतु बाहेर घातलेली वस्तू कोठे गेली, हे त्या शब्दाने सांगितले जात नाही. वस्तुतः या एकाच शब्दाखाली तीन भिन्न क्रिया एकत्र येतात. पहिली स्थानांतर : द्रव्य पाण्यातून निघून गाळात, कोळशात किंवा दुसऱ्या पाण्यात जाते, ते तसेच राहते, फक्त जागा बदलते. दुसरी रूपांतर : मूळ द्रव्याचे दुसरे द्रव्य बनते, आणि ते नवे द्रव्य निरुपद्रवी असतेच असे नाही. तिसरी संपूर्ण विघटन : द्रव्य मोडून कर्बद्विप्राणिद, पाणी व साधे क्षार एवढेच शिल्लक राहतात. सामान्य वाचकाच्या मनात ‘निष्कासन’ म्हटले की तिसराच अर्थ येतो. प्रत्यक्षात मात्र पहिले दोनच अधिक वेळा घडतात. पुढील विवेचनात प्रत्येक पद्धतीस हाच एक प्रश्न विचारलेला आहे : द्रव्य गेले कोठे?

४. रूढ जैविक प्रक्रिया

इंग्लंडातील मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ साली सक्रियित गाळाची पद्धती जगापुढे मांडली. सांडपाण्यात हवा खेळवावयाची, त्यातील सूक्ष्मजंतूंना वाढू द्यावयाचे, त्यांनी घाण खाऊन टाकल्यावर जंतूंचा गाळ तळाशी बसवून त्यातील काही भाग पुन्हा टाकीत सोडावयाचा, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. आज प्रचारात असलेल्या बहुतेक जैविक पद्धती याच तत्त्वाचे कमीअधिक सुधारलेले प्रकार आहेत.

सूक्ष्मप्रदूषकांच्या दृष्टीने या प्रक्रियेचे फल द्रव्यागणिक बदलते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन व चहाकॉफीतील कॅफिन ही जंतूंना सहज पचतात आणि त्यांचा नऊदशांशाहून अधिक भाग सामान्यतः नाहीसा होतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनही पाण्यातून बव्हंशी कमी झालेले आढळते. परंतु त्याचे विघटन झालेले नसते, ते गाळास चिकटलेले असते. हाच गाळ वाळवून शेतात खत म्हणून घातला तर औषधही शेतात जाते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध शरीरातून जवळजवळ जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते. प्रक्रिया केंद्रात त्याचा बराचसा भाग कमी होतो खरा, परंतु त्यापासून ग्वानिलयुरिया नावाचे अधिक चिवट द्रव्य तयार होते. डायक्लोफिनॅक अंशतःच कमी होते. अपस्मारावरील कार्बामाझेपीन तर जंतूंना जवळजवळ पचतच नाही. किंबहुना केंद्रात येणाऱ्या पाण्यापेक्षा तेथून जाणाऱ्या पाण्यातच ते अधिक आढळल्याचीही उदाहरणे आहेत. हे गणित वरवर अशक्य वाटले तरी त्याचे कारण सोपे आहे. मनुष्याचे यकृत औषधाचा काही भाग शर्करायुक्त आम्लाशी जोडून बाहेर टाकते. ही जोडणी जंतू तोडतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळे होते.

याचा अर्थ जैविक प्रक्रिया निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. गाळ टाकीत किती दिवस राहतो, यावर तिचे यश पुष्कळ अंशी अवलंबून असते. हा काळ दहा दिवसांहून अधिक ठेवला असता सावकाश वाढणाऱ्या जंतूंना स्थिरावण्यास अवधी मिळतो आणि अनेक द्रव्यांचे विघटन अधिक चांगले होते. शिवाय पुढे सांगितलेल्या सर्व पद्धती चांगल्या जैविक प्रक्रियेनंतरच परवडतात. पाण्यात इतर घाण शिल्लक असेल, तर महाग ओझोन व कोळसा तिच्यावरच खर्ची पडतो.

५. पूरक पद्धती

ओझोन. प्राणवायूच्या तीन अणूंनी बनलेला हा वायू विजेच्या साहाय्याने जागेवरच तयार करावा लागतो. रेणूतील इलेक्ट्रॉनांनी समृद्ध अशा जागांवर तो आघात करतो. त्यामुळे जैविक प्रक्रियेला दाद न देणारे कार्बामाझेपीन ओझोनापुढे क्षणात मोडते. डायक्लोफिनॅक व स्त्रीसंप्रेरके यांचीही तीच गत होते. पाण्यातील सेंद्रिय कार्बनाच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारणतः अर्धा ते पाऊण ग्रॅम ओझोन पुरतो. स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फ येथील नॉयगुट केंद्रात २०१४ पासून ही पद्धती पूर्ण प्रमाणावर चालू झाली. मात्र येथे घडते ते प्रामुख्याने रूपांतर. मोडलेल्या रेणूंचे तुकडे पाण्यात राहतात. म्हणून ओझोनानंतर वाळूच्या गाळणीतून पाणी नेऊन तेथील जंतूंकडून ते तुकडे पचवून घ्यावे लागतात. पाण्यात ब्रोमाइड असल्यास ब्रोमेट हे अपायकारक द्रव्य तयार होते, हेही ध्यानात ठेवणे जरूर आहे.

सक्रियित कोळसा. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा यांपासून बनविलेल्या या कोळशाच्या असंख्य सूक्ष्म रंध्रांत द्रव्ये अडकून राहतात. भुकटीच्या स्वरूपात तो वापरल्यास लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम लागतो. हे निव्वळ स्थानांतर होय. परंतु द्रव्यासह वापरलेली भुकटी पुढे जाळून टाकली, अथवा दाणेदार कोळसा उच्च तापमानाच्या भट्टीत पुन्हा सक्रिय केला, तर शेवटी विघटनही साधते. भुकटी गाळाबरोबर शेतात गेली, तर मात्र काहीच साधत नाही.

पारपटले. घरोघरी ‘आरओ’ या नावाने परिचित असलेली पद्धती मोठ्या प्रमाणावर वापरल्यास बहुतेक सर्व सूक्ष्मप्रदूषके अडविली जातात. तथापि शंभर लिटरांतून पंचाहत्तर ते ऐंशी लिटर स्वच्छ पाणी मिळते आणि उरलेल्या वीस-पंचवीस लिटरांत सर्व क्षार व सर्व औषधे चौपट-पाचपट प्रमाणात गोळा होतात. समुद्रकाठची शहरे हे पाणी समुद्रात सोडतात. मराठवाड्याला समुद्र नाही; ते सोडावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर आधी मिळविल्यावाचून ही पद्धती स्वीकारणे अयोग्य होय.

प्रगत ऑक्सिडीकरण. अतिनील प्रकाश व हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा फेंटन यांनी १८९४ साली वर्णिलेली लोह व पेरॉक्साइड यांची विक्रिया, यांतून अत्यंत क्रियाशील असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात. ते कोणत्याही सेंद्रिय द्रव्यास सोडीत नाहीत. परंतु भेदाभेद न करणे हाच त्यांचा दोषही आहे. पाण्यातील बायकार्बोनेटे त्यांना वाटेतच खाऊन टाकतात. दक्खनच्या बेसॉल्ट खडकातून झिरपलेले कूपनलिकांचे कठीण पाणी ज्या शहरांच्या सांडपाण्यात मिसळते, तेथे ही अडचण विशेष जाणवेल.

पाणथळ व तळी. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘फायटोरिड’ पद्धतीत लव्हाळ्यासारख्या वनस्पतींच्या मुळांमधून सांडपाणी नेले जाते. वीज अत्यल्प लागते, देखभाल सोपी असते. उघड्या तळ्यात डायक्लोफिनॅकसारखी द्रव्ये सूर्यप्रकाशाने मोडतात, आणि ऊन हे मराठवाड्यात दुर्मिळ नाही. परंतु जागा पुष्कळ लागते. कार्बामाझेपीन येथेही बव्हंशी टिकून राहते. आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी कमी होऊन उरलेल्या द्रव्यांचे प्रमाण वाढते.

६. दोन शहरे, दोन प्रश्न

नांदेड व लातूर ही शहरे एकाच विभागात असली, तरी त्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न एकच नाही.

नांदेड गोदावरीच्या काठीच वसलेले आहे. शहराच्या वरच्या अंगास विष्णुपुरीचा जलाशय आहे आणि त्यातूनच शहराला पाणी मिळते; वापरलेले पाणी खालच्या अंगास नदीत जाते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी, हे प्रचलित गणित धरले तर तेवढ्या वस्तीचे दिवसाला सुमारे सहा कोटी लिटर सांडपाणी होते. पावसाळ्यात गोदावरीच्या पुरापुढे ते नगण्य असते. परंतु उन्हाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे बंद असताना परिस्थिती उलटते : खालच्या पात्रात जे पाणी दिसते, त्यात शहराचेच पाणी मोठ्या प्रमाणात असते. युरोपातील बारमाही नद्यांत सांडपाण्याचे जे सौम्यीकरण होते, ते येथे गृहीत धरता येत नाही. त्यातच सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयानुसार धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावयाचे असतात. म्हणजे पाणी अडविले जाते ते नेमके नदीचा प्रवाह ओसरल्यानंतरच्या महिन्यांत. पुढे हीच नदी तेलंगणातील श्रीरामसागर जलाशयात जाते. एका शहराचे सांडपाणी हा दुसऱ्याच्या पाणीपुरवठ्याचा भाग आहे, हे सत्य येथे डोळ्यांआड करता येत नाही.

अशा ठिकाणी, पाणी नदीत जाण्यापूर्वीच द्रव्यांचा बंदोबस्त होणे जरूर आहे. ओझोन व त्यामागून वाळूची गाळणी ही जोडी, किंवा कोळशाची भुकटी, हे दोन पर्याय तेथे विचारार्ह ठरतात. सहा कोटी लिटरांसाठी दिवसाला ६०० ते १,२०० किलोग्रॅम कोळसा लागेल. ओझोनास कोळसा लागत नाही, परंतु अखंड वीज व कुशल कर्मचारी लागतात. या दोहोंच्या आधी एक पायरी आहे. नाल्यांवाटे थेट नदीत जाणारे पाणी केंद्रापर्यंत आणले नाही, तर केंद्रात कितीही प्रगत यंत्रे बसविली तरी नदीच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच होत. न अडविलेल्या पाण्यातून पॅरासिटामॉलसारखे सहज पचणारे द्रव्यही पूर्ण प्रमाणात नदीत जाते.

लातूरचा प्रश्न निराळा आहे. हे शहर पठारावर आहे; मांजरा नदी त्याच्या काठावरून नव्हे, उत्तरेकडून काही अंतरावरून वाहते. जेथे पिण्याच्या पाण्यासाठी मार्च २०१६ मध्ये टाक्यांच्या परिसरात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, तेथे सांडपाणी टाकून देण्याची वस्तू राहत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पाणीच असते. म्हणून लातुरात सांडपाण्याचा विचार नदीच्या अंगाने करण्यापेक्षा शेताच्या अंगाने अधिक केला पाहिजे.

मराठवाड्याच्या काळ्या मातीतील चिकण खनिजे सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या धनभारित रेणूंना घट्ट धरून ठेवतात. डायक्लोफिनॅकसारखे ऋणभारित रेणू ती तितके धरीत नाहीत, आणि भाररहित कार्बामाझेपीन तर मुळांवाटे पिकात शिरून पानांत साठते. इस्रायलमध्ये ३४ निरोगी व्यक्तींवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर पिकविलेला भाजीपाला खाणाऱ्यांच्या मूत्रात कार्बामाझेपीन आढळले. गोड्या पाण्यावरील भाजीपाला दिल्यावर ते घटले. हे प्रमाण औषधी मात्रेच्या मानाने फारच अल्प होते, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. मेथी, पालक, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्यांऐवजी कापूस किंवा वृक्षलागवड यांस हे पाणी दिले, तर यंत्रावर एक रुपयाही खर्च न करता मनुष्याच्या आहाराशी असलेला संबंध तुटतो. नागपुरात भांडेवाडी येथील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास दिले जाते, तेही याच विचाराचे दुसरे रूप होय. पाण्याचा उपयोग योग्य निवडणे हीसुद्धा एक प्रकारची प्रक्रियाच आहे. लातुरास जैविक प्रक्रिया उत्तम चालविणे, तिला पाणथळ किंवा तळ्याची जोड देणे, गाळ शेतात जाण्यापूर्वी तपासणे आणि पीक निवडणे ही चौपदरी योजना ओझोनाच्या यंत्रापेक्षा आधी विचारात घ्यावी लागेल.

७. खर्च कोणी सोसावा?

स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०१६ पासून निवडक केंद्रांवर सूक्ष्मप्रदूषकांच्या ८० टक्के निष्कासनाचे बंधन घातले आणि त्यासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँक इतकी आकारणी सुरू केली. युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या नव्या निर्देशानुसार मोठ्या केंद्रांवरील या अतिरिक्त प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादकांवर टाकण्याचे ठरविले. ज्याच्या मालामुळे प्रदूषण घडते त्याने ते निस्तरण्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व त्यामागे आहे. मराठवाड्यातील नगरपालिकांची आर्थिक कुवत पाहता खर्चाचा प्रश्न येथे अधिकच बिकट आहे. म्हणूनच उगमापाशी होणाऱ्या बचतीस महत्त्व येते. मुदत संपलेली औषधे मोरीत न ओतणे, वैद्याच्या सल्ल्याविना प्रतिजैविके न घेणे, मोठ्या रुग्णालयांचे सांडपाणी शहराच्या गटारात मिसळण्यापूर्वी त्यावर वेगळी प्रक्रिया करणे, या गोष्टींस मोठे भांडवल लागत नाही. अर्थात बहुतांश औषधे घराघरांतून, आजारी माणसांच्या शरीरावाटेच येतात. औषध घेणाऱ्यास दोष देणे न्याय्य नाही आणि शक्यही नाही. त्यामुळे उगमापाशी होणारी बचत ही केंद्रातील प्रक्रियेस पूरक ठरेल, पर्याय ठरणार नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, सर्व द्रव्यांस व सर्व शहरांस लागू पडेल अशी एकच पद्धती नाही. जैविक प्रक्रिया हा पाया होय. नदीकाठच्या नांदेडास त्यावर ओझोन किंवा कोळसा यांची भर घालण्याचा विचार करावा लागेल. पठारावरील लातुरास माती, ऊन व पीक यांच्या गुणधर्मांचा विचार आधी करावा लागेल. दोन्ही ठिकाणी आरंभ मोजमापानेच झाला पाहिजे. कार्बामाझेपीन, डायक्लोफिनॅक, मेटफॉर्मिन व सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी चारच द्रव्ये प्रातिनिधिक म्हणून निवडून केंद्रात येणारे पाणी, जाणारे पाणी आणि गाळ अशा तिन्ही ठिकाणी ती उन्हाळ्यात व पावसाळ्यात मोजली, तरी कोणते द्रव्य विघटित होते, कोणते गाळात जाते आणि कोणते तसेच पुढे जाते हे कळू लागेल. केवळ येणारे व जाणारे पाणी मोजून काढलेला टक्क्यांचा आकडा पुरेसा नाही, कारण तो गाळाविषयी मौन बाळगतो.

मांजरा व गोदावरी या दोन्ही नद्यांचा संगम नांदेडच्या खाली कंदकुर्ती येथे होतो. लातूरच्या बाजूने आलेले आणि नांदेडवरून गेलेले पाणी तेथे एक होऊन पुढच्या गावांकडे जाते. त्या गावांना या पाण्याचा इतिहास पाहून कळणार नाही, चाखूनही कळणार नाही. तो ज्ञात करून घेण्याचे आणि शक्य तितका निर्दोष करण्याचे उत्तरदायित्व वरच्या शहरांवरच येते.